शिवकन्येचा गूळ

तीन चाकं, धरायला एक आडवी दांडी आणि चालताना होणारी कुरकुर, एवढाच माझा ऐवज. मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. मुक्काम ठाणाकुशनूर, अंकुशरावांच्या घरी, दाराच्या डाव्या बाजूला.

अंकुशरावांचा मुलगा तानाजी भिंत धरून उभा राहू लागला, तेव्हा काशप्पा सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. आमची नोकरी जेमतेम सहा महिन्यांची असते. लेकरू दांडी धरतं, आम्हाला अंगणभर ढकलतं आणि एक दिवस दांडी सोडून पळत सुटतं. मग आमची रवानगी माळ्यावर. माझ्या वाट्याला मात्र माळा आलाच नाही. तानाजीनंतर गल्लीतल्या घरोघरी मला मागून नेलं. "अंकुशरावांच्या गाड्याला गुण हाय," असं बायका म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी चांगलाच फुगलो होतो. एकोणीस लेकरं मला धरून चालायला शिकली.

विसावी शिवकन्या, तानाजीची मुलगी.

तिचे पाय जन्मापासूनच ताठ. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज आधाराने उभं करा; चालेल किंवा नाही, हे आज सांगता येणार नाही. ती तीन वर्षांची झाली, पाच वर्षांची झाली, तरी माझी नोकरी सुरूच राहिली. ती वाढली तशी दांडी तिला खाली पडू लागली. मग म्हातारे झालेले काशप्पा पुन्हा आले आणि त्यांनी माझ्या उभ्या लाकडांना वीतभर जोड दिला.

घरात तिच्यावर सगळ्यांचा जीव. आजी सोजराबाई रोज तिच्या पायांना तेल लावायच्या. तानाजी तिला पाठंगुळी घेऊन शाळेत सोडायचा. आजोबा अंकुशरावांनी तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझी नात पाच पावलं टाकंल त्या दिवशी गावभर गूळ वाटीन." त्यांनी गुळाची ढेप आणली, जुन्या उपरण्यात बांधली आणि खुंटीला टांगली. दर वर्षी ढेप नवी यायची, उपरणं तेच असायचं. येणारा-जाणारा हसून विचारायचा, "काय शिवकन्या, गूळ कधी?"

ती पण हसायची. पण एकटी असली की माझी दांडी घट्ट धरून त्या खुंटीकडे बघत राहायची. हे मला रोज दिसत होतं आणि तरी मला कळलं नाही. कारण मीही वाट बघणाऱ्यांतलाच एक होतो. मला माझा विसावा आकडा हवा होता. याची लाज मला आजही वाटते.

ती सात वर्षांची असताना येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस पडतं आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभारायची, पूजा करायची आणि दिसेल त्याला हाक मारून भज्जी-आंबील जेवू घालायची. अंकुशरावांनी मला ट्रॅक्टरमध्ये घातलं. उपरण्यातला गूळही घेतला. कोपीपुढची जमीन त्यांनी आदल्या दिवशी पाणी मारून चोपून ठेवली होती.

पूजा झाली. शेजारच्या रानातली माणसंही येऊन उभी राहिली. शिवकन्येने दांडी धरली. एक पाऊल. दुसरं. तिसरं. तिथं चोपलेली जमीन संपली आणि माझं पुढचं चाक ढेकळात रुतलं. मी थांबलो, ती पडली.

"राहू दे माय, पुढल्या येळवशीला चालशील," सोजराबाईंनी तिला उचलत म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली. अंकुशरावांनी सैल केलेली उपरण्याची गाठ पुन्हा आवळली. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण शिवकन्या त्या गाठीकडेच बघत होती.

जेवताना ती हळूच म्हणाली, "आबा, मी कधीच न्हाई चालले तर? मग हा गूळ कुणाला देशील?"

अंकुशरावांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हात धुतला आणि गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. गुळाचा पहिला खडा त्यांनी नातीच्या तोंडात घातला.

"तुझाच हाय हा. पयल्या दिवसापासून तुझाच व्हता. मीच येडा, बांधून बसलो."

मग ढेप काखेत मारून ते बांधाबांधाने निघाले. पलीकडच्या रानातले बसलिंगप्पा जागेवरूनच ओरडले, "कामून वाटायलाव अण्णा? नात चालली का?"

"न्हाई चालली," अंकुशरावही तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. "माझी नात हाय, म्हणून वाटायलोय!"

रानातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. शिवकन्येनेही ऐकलं, आणि ती खुदकन हसली.

आता ती नऊ वर्षांची आहे. शाळेत चाकाच्या खुर्चीतून जाते. संध्याकाळी मला धरून उभी राहते. कधी पाच पावलं होतात, कधी एकही होत नाही. खुंटीवर आता तिचं दप्तर असतं आणि गूळ खाली डब्यात, तिचा हात पोहोचेल तिथं.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या वर्गात असं एखादं लेकरू असेल, तर त्याला भरपूर शिकवा, भरपूर आधार द्या. फक्त त्याच्या वाटणीचा गूळ बांधून ठेवू नका.

त्या येळवशीची एक गोष्ट सांगायची राहिलीच. अंकुशराव गूळ वाटत फिरत होते, तेव्हा शिवकन्या सरपटत माझ्याजवळ आली. माझ्या चाकाची माती तिने बोटांनी काढली आणि तोंडातला उरलेला खडा माझ्या दांडीवर दाबून चिकटवला.

"घे," ती म्हणाली. "तू पण न्हाई चाललास ना आज."

दोन दिवस माझ्या अंगावर मुंग्या होत्या. मी एकदाही कुरकुरलो नाही.