दोन विहिणींची पेज

माझी आई शांतौहून ग्वांगचौला पहिल्यांदाच माझ्या सासरी राहायला आली. नवरा नेमका फिरतीवर. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पहाटे पाचलाच पेजेचे तांदूळ शिजत घातले, तेल-मीठ चोळून मुरवलेले. "विहीणबाईंना खरी पेज कळू दे," मला म्हणाल्या आणि आच मंद करून मांस आणि चुन्यात मुरवलेली काळी अंडी आणायला बाजारात गेल्या.

तेवढ्यात आई उठली. झाकण काढून पाहते तर दाणे नुकते फुललेले. "वा, झाली की!" म्हणत तिनं गॅस बंद केला. मी दात घासत होते; ओरडायला तोंड रिकामं नव्हतं.

सासूबाई परतल्या. "गॅस कुणी बंद केला?"

"मी," आई म्हणाली. "गाळ झाला असता."

"अहो, ही पेज नव्हे, तांदूळ पोहायला उतरलेत!"

"मग काय खळ करायची? आमच्याकडे म्हातारेसुद्धा दाणे चावून खातात."

"आमच्याकडे चावावं लागत नाही, म्हणून दात टिकतात!"

शेवटी मी अर्धी पेज दुसऱ्या पातेल्यात काढली. ती आईची. उरलेली पुन्हा गॅसवर चढली. सासूबाई तासभर ढवळत राहिल्या आणि आई शेजारी उभी राहून "बुडाला लागेल हं" म्हणत राहिली.

साडेसातला दोन्ही पातेली टेबलावर आली. एकात मांस, काळी अंडी, आलं घातलेली मलईसारखी पेज. दुसऱ्यात आईची पाणीदार, सोबत खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट. सासरे सहापासून चमचा घेऊन बसले होते. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी दोन्हींचा एकेक घास घेतला, "छान, छान" म्हणाले, दोन्ही पेजा एकाच वाडग्यात ओतल्या, वर सोया सॉस घातला आणि ढवळलं.

"अहो!" दोघी एकदमच किंचाळल्या.

"विहीणबाई, इतकी वर्षं यांना जेवायला घालताय?" आईनं कळवळून विचारलं.

"छत्तीस वर्षं! आणि आपल्याकडे चहात कुणी साखर घालतं का? हे घालतात!"

"काय सांगता!"

आईनं खुर्ची जवळ ओढली. सासऱ्यांचे एकेक प्रताप निघाले. बोलता बोलता आईनं सासूबाईंची पेज वाढून घेतली, म्हणाली, "आलं अगदी बेतशीर पडलंय." सासूबाईंनी ऑम्लेट संपवलं. मग मुळा कसा खारवायचा ते बोलत दोघी भाजी आणायला निघून गेल्या.

सासऱ्यांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. "यीलान, खाऊन बघ."

मी चमचाभर खाल्लं. "बाबा, फारच छान लागतंय हो!"

"हळू बोल," ते दाराकडे बघत म्हणाले.