मास्क बसेना

लग्नाला आठ महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत योएलच्या आधी उठायचं अविताल एकदाही चुकली नव्हती. पावणेपाचला, गजर न लावता, तिचे डोळे उघडायचे. न्हाणीघराला आतून कडी, नळ थोडा सोडलेला, आणि आरशासमोर हनुवटी वर करून ती भराभर दाढी करायची. त्याला दुसरा शब्द नव्हता. एकोणिसाव्या वर्षी हनुवटीखाली चार राठ केस आले, ते तिने चिमट्याने उपटले. चाराचे चाळीस झाले, मग चिमटा पुरेना. डिमोनाला माहेरी आईने बेसन-हळद लावून घासून घासून कातडी सोलवटून काढली. डॉक्टर म्हणाला, हॉर्मोन्सचं आहे, लग्न झालं की आपोआप जाईल. लग्न झालं. गेलं काहीच नाही.

रेझर ती पॅडच्या पाकिटात दडवायची. तिथे या घरात कुणी हात घालणार नव्हतं.

रामल्याच्या बालवाडीत ती शिकवायची. दुपार झाली की बोटांना खुंट लागू लागायचे आणि हात सारखा हनुवटीकडे धावायचा. एकदा चार वर्षांची गिली मांडीवर बसली, गालाला गाल घासला आणि मोठ्याने म्हणाली, "तू माझ्या अबासारखी टोचतेस!" हिब्रूत अबा म्हणजे बाबा; सगळी पोरं खिदळली. त्या दिवसापासून अवितालने मुलांना मांडीवर घेणंच सोडलं.

एक्याण्णवच्या जानेवारीत, एका गुरुवारी, तिचे सासरे सॅम्युअल खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शुक्रवारी, शनिवारचा शब्बाथ लागायच्या आत माती दिली आणि लोदच्या त्या तीन खोल्यांच्या घरात सात दिवसांचा शिवा, म्हणजे सुतक, सुरू झाला. सासूबाई मल्काबाईंनी रिवाजाप्रमाणे घरातले सगळे आरसे पांघरुणं टाकून झाकायला लावले. न्हाणीघरातल्या आरशावर जुनी निळी चादर खिळ्यांना अडकवली होती. अविताल चादरीसमोर उभी राहून नुसत्या बोटांच्या अंदाजाने रेझर फिरवू लागली. तिसऱ्या दिवशी कापलं. वर कागदाचा तुकडा चिकटवून ती बाहेर आली, तर योएलने विचारलं, "काय झालं?"

"पुळी होती. फोडली."

घरात माणसांची रीघ. लोदचे, रामल्याचे, अश्दोदचे, भारतातून इस्रायलला येऊन वसलेले सगळे मराठी ज्यू. म्हाताऱ्या बायका यायच्या, सांत्वनाला हाताला हात लावून बोटांचं चुंबन घ्यायच्या, आणि त्यांतली एखादी प्रेमाने गालावरून हात फिरवायला पुढे झाली की अविताल चहाचा ट्रे मध्ये धरायची. सात दिवसांत तिने चहा किती केला याला गणती नव्हती. ती बसतच नव्हती. "पोर कामाला वाघ आहे गो," बायका म्हणायच्या. मल्काबाई मान डोलवायच्या.

योएल जमिनीलगतच्या स्टुलावर बसून होता. सुतकात दाढी करायची नसते. सात दिवसांत त्याच्या गालांवर काळी दाट दाढी चढली, आणि सगळे त्याच्याकडे आदराने पाहत होते. बापासाठी वाढवलीय म्हणून.

शिवा उठला त्याच गुरुवारी पहाटे इराकवर बॉम्बफेक सुरू झाल्याचं रेडिओने सांगितलं. शाळा, बालवाड्या बंद. इराककडून विषारी गॅसची क्षेपणास्त्रं येतील, घरीच थांबा, गॅस-मास्कचे खोके उघडा. शरद ऋतूत शाळेच्या हॉलमध्ये सैनिकांनी वाटलेले ते तपकिरी खोके कपाटावर होते. योएलने खाली काढले. वाटताना एक सैनिक मुलगी दाढीवाल्या माणसांना बाजूला घेऊन सांगत होती, दाढीवर रबर घट्ट बसत नाही, कडेने गॅस आत शिरतो, दाढी काढा नाहीतर वेगळ्या मास्कसाठी नाव द्या. अवितालने तेव्हा उगाचच विचारलं होतं, "आणि थोडेसेच खुंट असले तर? माझ्या भावाचे असतात."

"रोज करायला सांग त्याला," मुलगी म्हणाली होती.

आरशांवरच्या चादरी निघाल्या, पण अवितालला त्याचा उपयोग झाला नाही. मल्काबाईंची खोली बंद खोली ठरली. खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. तिघांनी तिथेच झोपायचं. आणि मल्काबाईंनी फर्मान काढलं, "न्हाणीघराची कडी लावायची नाही. भोंगा झाला आणि दार अडकलं तर? मी एक माणूस घालवून बसलेय."

शुक्रवारी पहाटे पहिली क्षेपणास्त्रं आली. मास्क कसेबसे चढवले, कुणी काही तपासलं नाही. त्यानंतर अविताल न्हाणीघरात शिरली की तिसऱ्या मिनिटाला दारावर थाप पडे, "अगो, बरी आहेस ना?" रेझर पाकिटातच राहिलं. शनिवार, रविवार, सोमवार. ती घरात गळ्यापर्यंत चढणारा स्वेटर घालून फिरत होती, हनुवटी कॉलरमध्ये खुपसून. खिडकीपाशी जायची, परत यायची, भांडी घासून झालेली पुन्हा घासायची. योएल जवळ आला की ती काहीतरी आणायला उठायची.

तिकडे मायलेकांचं एकच भांडण चालू होतं.

"काढून टाक ती दाढी."

"सुतकाचे तीस दिवस होईपर्यंत नाही," योएल म्हणायचा. "पप्पांसाठी एवढंच तर उरलंय करायला."

"अरे, धर्मगुरू रब्बीच रेडिओवर सांगतायत. जीव वाचवायला सगळं चालतं!"

"मम्मी, इथे काही पडत नाहीये. तेल अवीवला पडतंय."

मंगळवारी संध्याकाळी, नुकतं जेवण झालं होतं, आणि भोंगा झाला. तिघं आत धावली. योएलने दाराला पट्टी मारली, अवितालने टॉवेल सरकवला. मास्क चढले. टीव्हीवर दाखवलं होतं तसं मल्काबाईंनी मास्कच्या पुढच्या गाळणीच्या डब्याच्या भोकावर तळवा दाबला आणि श्वास घेतला. रबर गालांना चिकटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. मग योएलच्या डब्यावर तळवा ठेवला. त्याने श्वास ओढला, रबर गालांना चिकटलं नाही. बाजूने हवा येत होती. त्याने हात झटकला.

मल्काबाई अवितालकडे वळल्या. अविताल मान हलवत मागे सरली, पाठ कपाटाला टेकली. तळवा आलाच. तिने अगदी हळू श्वास ओढला, पण छातीत हवा भरली, आणि हनुवटीखाली एक गार रेघ तिला स्पष्ट जाणवली. मल्काबाईंनी पट्टे घट्ट केले. पुन्हा तळवा. पुन्हा हवा. मग कुठे फट आहे ते पाहायला त्यांनी बोटं रबराखाली घातली, आणि तिथेच थांबल्या.

काचेमागचे दोन डोळे अवितालच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. बोटं हळूच बाहेर आली. मल्काबाईंनी पदर पाण्यात भिजवून तिच्या हनुवटीखाली कोंबला, वर हात धरून ठेवला, आणि भोंगा उतरेपर्यंत काढला नाही. दुरून दोन धमाके ऐकू आले. अवितालला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही, पण तिच्या मनात एकच घोळत होतं: आता या बोलणार. आता या मास्क काढणार आणि बोलणार.

'आपल्या भागात धोका टळला' असं रेडिओने सांगितल्यावर योएल बाल्कनीत गेला. मल्काबाई स्वयंपाकघरात. अविताल मागोमाग गेली. टाळण्यात अर्थ नव्हता.

"किती दिवसांचं हे?" मल्काबाईंनी विचारलं.

"दहा वर्षं होतील."

"योएलला?"

"नाही माहीत. कृपा करून आई, त्याला..."

"मी कशाला सांगू?" मल्काबाईंचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी तुला नावं ठेवत नाही गो. देवाने दिलंय त्याला काय करणार. पण तू मास्क घालून बसतेस आणि आत हवा येते. तो घालून बसतो, त्यालाही येते. तेवढा माझाच बसतो. उद्या काही झालं तर मी एकटी म्हातारी जगून काय करू, सांग?"

एवढी वर्षं अवितालने या क्षणाची भीती बाळगली होती. त्यात किळस होती, हसू होतं, माहेरी पाठवणं होतं. हे वाक्य कुठेच नव्हतं. ती ओट्याशी उभी राहिली, मग दारापर्यंत गेली, परत आली. मग एकदम न्हाणीघरात जाऊन तिने पाकीट काढलं आणि हाक मारली, "योएल, इकडे ये."

तो आला. तिने स्वेटरची कॉलर खाली ओढली. दिवा डोक्यावरच होता. चार दिवसांचे काळे खुंट, काही चांगलेच वाढलेले, आणि कडेला शिवातल्या कापण्याची सुकलेली खपली.

"हे काय आहे?"

"दाढी आहे. माझा मास्क यामुळे बसत नाही. मी आता काढणार आहे. मला जगायचंय. माझं झालं की तू काढ."

आणि दार सताड उघडं ठेवून तिने साबण लावला. पहिला फटकारा मारला. आरशात तिच्या मागे योएलचा चेहरा होता. ती त्याच्याकडे न पाहता पाहत होती.

"म्हणून पहाटे उठायचीस?" तो म्हणाला.

"हो."

"नळ सोडून."

"हो."

"मला वाटायचं तू रडायला जातेस."

तिचा हात थांबला. "कशासाठी?"

"मी आवडलो नाही म्हणून." तो मराठीत बोलत होता, जे तो फक्त आईशी भांडताना बोलायचा. "आठ महिने मी पडून ऐकत होतो, अविताल. आठ महिने! एक शब्द सांगता आला नाही तुला?"

तो फिरला आणि निघून गेला. बाल्कनीचं दार आपटलं. अवितालने उरलेली बाजू पुरी केली, तोंड धुतलं, टॉवेल घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. बाहेर जावं की आतच थांबावं हे तिला कळेना. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. योएल परत आला, टबाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "दे."

गालावर दोन फटकारे मारले आणि त्याला रडू फुटलं. खांदे हलायला लागले. बापाच्या मातीलाही तो असा रडला नव्हता. अवितालने रेझर त्याच्या हातातून काढून घेतलं, त्याची मान मागे टेकवली आणि कातडी ताणून धरत, एकही ओरखडा न उठवता, त्याची सगळी दाढी काढली. हे काम तिला या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं. दारात मल्काबाई उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

पुढच्या भोंग्याला तिघांचे मास्क बसले.

पण मन बसलं नाही. योएल तिच्याकडे पाहायचा, तिने पाहिलं की दुसरीकडे बघायचा. तो विमानतळाच्या वर्कशॉपला जायला लागला, येताना तिच्यासाठी चॉकलेट आणायचा, हातात द्यायचा आणि बाल्कनीत जायचा. एकदा त्याने तिच्या हनुवटीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, तापल्या तव्याला लागल्यासारखं. मल्काबाईंचं वेगळंच. औषधाची आठवण करावी तसं त्या रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अगो, तुझं करून घेतलंस का?" शेजारच्या बायकांना ऐकू गेलं असेल या विचाराने अवितालच्या अंगावर काटा यायचा. दडवत होती तेव्हा निदान कुणाशी कसं वागायचं हे तिला माहीत होतं.

सुतकाचा तिसावा दिवस शनिवारी, शब्बाथला आला, म्हणून रविवारी सगळी कबरस्तानात गेली. वारा होता. प्रत्येकाच्या खांद्याला दोरीने बांधलेला मास्कचा खोका. प्रार्थना झाली, कबरीवर दगड ठेवले, आणि सॅम्युअलचे थोरले भाऊ यित्झहाककाका योएलच्या गुळगुळीत गालांकडे पाहून म्हणाले, "काय रे, बापासाठी तीस दिवस धीर धरवला नाही?"

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. योएलची मान खाली गेली.

"त्याला काही बोलू नका भावोजी," मल्काबाई पुढे झाल्या. "आमच्या अवितालनेच त्याला वाचवलं. ती स्वतः, न्हाणीघरात..."

अवितालला वाटलं आपण आता पळत सुटू, कबरी ओलांडून, फाटकाबाहेर.

"मम्मी!" योएल जोरात म्हणाला. मग काकांकडे वळून, "मी ठरवलं. मला भीती वाटली, म्हणून काढली. बायकोने काही सांगितलं नाही."

"भीती?" यित्झहाककाका म्हणाले. "तुझा बाप पासष्ट साली पाकिस्तानच्या लढाईत..."

"पप्पांना नसेल वाटत. मला वाटते."

काकांनी नाक मुरडलं आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलायला लागले. मल्काबाई गोऱ्यामोऱ्या होऊन पदराशी चाळा करत राहिल्या. फाटकाकडे जाताना अविताल आणि योएल मागे पडले. खोके पाठीवर आपटत होते.

"लाज वाटली तुला?" तिने विचारलं. "म्हणून आईंना थांबवलंस?"

तो चालत राहिला.

"थोडी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे वाटलं, की ते सांगायचं की नाही ते तू ठरव. मम्मीने नाही."

'थोडी' हा शब्द तिला झोंबला. पण तो खरा होता, आणि आठ महिन्यांत या दोघांत खरं असं फारच थोडं बोललं गेलं होतं.

"मला डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "इथल्या नाही. तेल अवीवला एक रशियन बाई आलीय, सुईने एकेक केस जाळते म्हणे. वर्षं लागतात. दुखतं."

"युद्ध संपू दे. मी येतो."

"आत यायचं नाही. बाहेर बसायचं."

"बाहेर बसतो."

पुढे बसथांब्याजवळ मल्काबाई उभ्या होत्या, दोघांना हाताने घाई करत. लोदची बस वळणावर दिसत होती. योएलने तिच्या खांद्यावरचा खोका आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघं धावायला लागली.