‘खाली’ म्हणजे कुठे?

दाराच्या मागचा गंजलेला खिळा.

बसच्या दांड्यावर टकटक वाजणारा कंडक्टरचा चिमटा.

पट्ट्याला बांधलेली एक शिट्टी, जिच्यात आता कोळ्याने घर केलंय.

उसवलेला खांदा.

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो, आणि हा सगळा पसारा माझ्याच आयुष्याचा.

फोमचे तुकडे नारिंगी कापडात शिवून कारखान्यात मला घडवलं. पुढे खळाळत्या नदीत राफ्ट नेणाऱ्या एका ताईकडे माझी चाकरी सुरू झाली. रोज नवं माणूस. पाणी उसळलं की ते मला छातीशी कवटाळायचं, त्याचं काळीज माझ्यावर धडधडायचं. काठ आला की बकल सुटायचं आणि माझी रवानगी वाळूत. मागे वळून कोणी पाहायचं नाही. चेहरे पुसट झालेत. ठोके तेवढे आठवतात.

एकदा एक निवृत्त बस कंडक्टर बायकोला घेऊन आले. मध्ये राफ्ट थांबवून सगळे जेवले, तेव्हा त्यांनी माझा पट्टा हळूच सैल केला. ताईने खांद्याला धरून मला वर ओढलं, तर मी थेट त्यांच्या कानांपर्यंत.

“काका, पट्टा.”

“अगं पोरी, जेवल्यावर श्वास तरी घेऊ दे.”

“त्याच्यासाठीच आवळतेय.”

राफ्ट पुन्हा निघाली. समोर पाणी मोठ्या दगडावरून कोसळत होतं. ताई ओरडली, “खाली!”

राफ्टच्या काठावर बसलेल्यांनी सरकून आत, तळाशी बसायचं, असा त्याचा अर्थ. सगळे बसले. काकांनी मात्र उभा जन्म ‘खाली’ म्हणत लोकांना बसमधून उतरवलं होतं.

ते उतरले. नदीत.

पाणी डोक्यावरून गेलं. मी सगळा जोर लावून त्यांना वर आणलं. ते पाय टेकायला धडपडू लागले. पाय दगडांच्या फटीत अडकला असता, तर माझा जोरही कामी आला नसता.

“उभं राहू नका! पाठीवर व्हा, पाय वर, पुढे!” ताईचा आवाज आला.

आणि या खेपेला काकांनी सांगितलं तसंच केलं. दोर आला. त्यांनी तो धरला. ताईने माझ्या खांद्यांना धरून त्यांना आत खेचलं, तेव्हा माझा एक खांदा टरकन उसवला.

बायको म्हणाली, “अहो, आयुष्यभर लोकांना उतरवलंत, आज स्वतःच उतरलात.” आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ताई ‘आत बसा’ म्हणते. निघण्याआधी प्रत्येकाकडून ते करूनही घेते. फाटक्या जॅकेटवर जीव सोपवता येत नाही, म्हणून मी खिळ्यावर. सकाळी ताई मला काढून दाखवते, पट्टा कसा आवळायचा ते. मग सगळे नदीवर जातात. मला इथून पाण्याचा नुसता आवाज येतो.

मित्रांनो, नदीवर गेलात तर आम्हाला उशी करून बसू नका, आमचा फोम दबतो. पट्टा आवळा. शब्दाचा अर्थ कळला नाही, तर काठावरच विचारा, लाजू नका. आणि परत आल्यावर आम्हाला जरा सावलीत वाळत घाला.

त्या संध्याकाळी काका मला अंगात घालूनच परतीच्या बसमध्ये जाऊन बसले होते. कंडक्टरचा चिमटा दांड्यावर टकटकला, तेव्हा कुठे ताईने धावत येऊन मला उतरवून घेतलं.