पडायची राहिलेली भिंत

बसा, मित्रांनो. मला बाक समजून बसलात तरी माझी हरकत नाही, हल्ली सगळे तसंच समजतात. पण मी जन्माने बाक नाही. मी एक जुनी भिंत आहे, आणि भिंतींमध्येही जरा निराळी. इतर भिंतींना उभं राहण्यासाठी बांधतात. मला पडण्यासाठी बांधलं होतं. हसू नका, खरंच सांगते.

आमचं गाव आन्स लाफ्लेर, अमेरिकेत, लुइझियानाच्या अगदी दक्षिण टोकाला. पुढे खाडी, मागे दलदल, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र. इथे कोळंबी पकडणारे राहतात आणि त्यांच्या होड्या बांधणारे. होड्या बांधणाऱ्यांत एल्फेजचं नाव मोठं. त्याच्या हातची होडी गळाली असं गावात कोणी कधी ऐकलं नव्हतं. फळीला फळी अशी बसवायचा की मधून नखही जाऊ नये. त्याची बायको झेनोबी घराच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. ओट्याला दोनच पायऱ्या होत्या, त्यामुळे अर्धं गाव तिथे येऊन टेकायचं. शेजारची विल्डा तर स्वतःच्या घरी फक्त झोपायला जायची. दिवसभर तिघी-चौघी जणी तिथेच पत्ते कुटत बसायच्या आणि आळीपाळीने एकमेकींना लबाड म्हणायच्या.

मग एका वादळात घरांत कमरेइतकं पाणी शिरलं. ते ओसरल्यावर नियम आला की ज्याला घर दुरुस्त करायचं असेल, त्याने ते आधी उंच खांबांवर चढवायचं. कॉरिन नावाची एक तरुण मुकादमीण माणसं आणि घरं उचलायचे जॅक घेऊन गावात आली. एल्फेजच्या घराखाली लोखंडी तुळया सारल्या आणि घर तसूतसूने वर जाऊ लागलं. झेनोबी रस्त्यावर खुर्ची टाकून बघत होती. घर वर पोचलं तेव्हा तिच्या कपाटातली एक कपबशीसुद्धा फुटली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झेनोबीनेही वाजवल्या, आणि मग तिने जिन्याकडे पाहिलं.

खाली खांबांच्या मध्ये, खाडीच्या बाजूला, मला बसवलं. पाइनच्या पातळ फळ्या, हलकी चौकट आणि मोजके बारीक खिळे. एल्फेजने मला एका बोटाने ढकलून पाहिलं आणि त्याचं तोंड आंबलं.

"ही भिंत आहे का थट्टा? कोणी शिंकलं तरी पडेल."

"शिंकल्यावर नाही पडणार काका, लाटेने पडेल," कॉरिन म्हणाली. "आणि तिने पडायलाच हवं. ती पडली की लाट खालून निघून जाईल आणि घर वर सुखरूप राहील. ती नाही पडली, तर लाट तिला धरून तुमचे खांबच ओढेल. म्हणून यात आणखी एकही खिळा मारायचा नाही. आणि इथे खाली राहायचं नाही. गाडी ठेवा, जाळी ठेवा. माणूस नाही."

"अगं, उभा जन्म होड्या बांधल्या मी. माझ्या हातची फळी कधी सुटली नाही."

"म्हणूनच तर तुम्हाला दोनदा सांगतेय."

हे बोलणं मी ऐकलं. जन्माच्या दिवशीच आपल्या मरणाचं बोलणं कानावर पडलं, तर कोणाला बरं वाटेल? मला फार वाईट वाटलं. माझ्या शेजारी मोठमोठे खांब जमिनीत खोल रोवलेले, आणि मी मात्र चार दिवसांच्या पाहुणीसारखी, अंग चोरून उभी.

पण खरे हाल माझे नव्हते, झेनोबीचे होते. तिचे गुडघे गेलेले. नवा जिना उतरायचा तर ती बसत बसत, एकेका पायरीवर घसरत खाली यायची, आणि चढताना रडकुंडीला यायची. हळूहळू ती यायचीच बंद झाली. ओटा आता माडाएवढा उंच. रस्त्याने जाणारे मान वर करून हात हलवायचे आणि निघून जायचे. विल्डा तेवढी खालून ओरडायची, "झेनोबी, आहेस का गेलीस वर?"

"वरच आहे ना! देवाच्या शेजारी बसलेय. हाक मारशील तर त्यालाच ऐकू जाईल, मला नाही!"

विल्डा हसायची. झेनोबी वरून हसायची नाही, हे मला खालून कळायचं.

एल्फेज तोंडाने काही बोलणारा माणूस नव्हता. एके सकाळी त्याने आपल्या जुन्या होडीवरचा जाळं ओढायचा विंच, म्हणजे दोराचा रहाट, काढून आणला, ओट्याच्या तुळईला ठोकला आणि दोराला एक भक्कम खुर्ची बांधली. त्या खुर्चीत बसवून त्याने झेनोबीला सावकाश खाली सोडलं. ती अर्ध्यावर असताना किंचाळत होती आणि हसतही होती. खाली विल्डा कमरेवर हात ठेवून उभी.

"आली बघा आजची पकड! एल्फेज, ही विकणार का घरी खाणार?"

"हिला कोण घेतंय!" एल्फेज म्हणाला.

"घेतलं असतं तर बरं झालं असतं रे, तुझ्या तावडीतून सुटले असते," झेनोबी हवेतूनच म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या आडोशाला संसार सुरू झाला. टेबल आलं, खुर्च्या आल्या, कॉफीपुरती शेगडी आली. पत्ते पुन्हा रंगले. मित्रांनो, सांगायला लाज कशाला वाटावी, ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस होते. माझ्याआड माणसं बसली होती. मला वाटायचं, आता कोण मला थट्टा म्हणेल?

थंडी पडली आणि खाडीवरचा गार वारा माझ्या फटींतून आत शिरू लागला. झेनोबीला खोकला लागला. खोकता खोकता पत्ते हातातून सांडायचे. "वर चल, तिथे ऊब आहे," एल्फेज म्हणायचा, आणि ती म्हणायची, "तिथे ऊब आहे, पण माणूस कुठे आहे? तू तर होडीशी बोलतोस." शेवटी एका रविवारी चर्चमधून आल्यावर एल्फेजने हत्यारांची पेटी उघडली. फटीफटीत कापसाच्या वाती ठोकल्या, वरून डांबर लावलं, अगदी होडीला लावतो तसं. आडव्या जाड पट्ट्या मारल्या. आणि मला दोन्ही बाजूंच्या खांबांना जाडजूड बोल्टनी आवळून टाकलं. काम झाल्यावर त्याने मला खांद्याने धक्का दिला. मी तसूभरही हलले नाही.

"आता झाली भिंत," तो म्हणाला.

आणि मी फुलून गेले. जन्मात पहिल्यांदा कोणी मला भिंत म्हटलं होतं. आत वारा शिरायचा थांबला. झेनोबीचा खोकलाही गेला.

पुढच्या वर्षी कॉरिन गावातली घरं बघायला फिरत आली, तेव्हा एल्फेजने माझ्यावर घाईघाईने जाळं टांगलं. तिने ते एका हाताने बाजूला केलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"वारा येत होता."

"अहो, येऊ दे ना वारा! ही भिंत नाही राहिली आता, ही होडी झाली. पाण्याने हिला ढकललं तर ही खांबांसकट जाईल. आधी हे सगळं काढा."

तेवढ्यात झेनोबीने तिच्या हातात कॉफीचा कप दिला. "अगं पोरी, वर मी एकटीच कुढत असते गं. या आडोशाला चार माणसांत बसते. माझ्याकडून एवढं नको काढून घेऊस."

कॉरिनने तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. वर टांगलेल्या खुर्चीकडे पाहिलं. सगळी कॉफी संपवून तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला हे पटलेलं नाही. पण निदान एक करा. वादळाची बातमी आली की गाव सोडायच्या आधी हे नट काढायचे. सगळेच्या सगळे. मला शब्द द्या, काका."

"दिला," एल्फेज म्हणाला.

त्यानंतर दोन वर्षं बरी गेली. आणि मग ऑगस्टमध्ये ती बातमी आली. समुद्रात वादळ उठलं होतं आणि आमच्याच तोंडावर येत होतं. दुपारी सगळं गाव निघालं. विल्डा भाच्याच्या गाडीतून गेली. झेनोबी आमच्या गाडीत बसलेली, मांडीवर कोळंबीच्या गम्बो रश्श्याचं पातेलं आणि त्यावर मेरीमातेची तसबीर. एल्फेज हातात पाना घेऊन माझ्यापाशी आला. पाना त्याने पहिल्या नटावर ठेवलासुद्धा. आणि तिथेच थांबला. माझ्या सांध्यावरून त्याने हात फिरवला, डांबरावरून अंगठा फिरवला. कुठे चीर नव्हती, कुठे फट नव्हती. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. स्वतःच्या हाताने इतकं पक्कं बांधलेलं, आता स्वतःच्याच हाताने ढिलं करायचं? होड्या बांधणाऱ्याला ते जमेना.

"तू धरशील," तो मला म्हणाला. "धरशील ना?"

मला बोलता आलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? मला वाटतं, मीही हो म्हटलं असतं.

गाडीतून झेनोबीची हाक आली, "काढलेस का रे नट?"

"काढले, काढले!" तो ओरडला, आणि पाना पेटीत टाकून निघून गेला.

पाणी आलं ते लाटांवर लाटा घेऊनच. शेजारी विल्डाच्याही उंच चढवलेल्या घराखाली बसवलेली माझी बहीण पहिल्याच मोठ्या लाटेला कडकन सुटली आणि दलदलीकडे वाहत गेली. मला तिची कीव आली. मी धरून राहिले. एल्फेजने सांगितलं होतं म्हणून धरून राहिले. एक खिळा सुटला नाही, एका सांध्यातून थेंब आत गेला नाही. पण प्रत्येक लाट माझ्या छातीवर आपटायची आणि तिचा सगळा जोर बोल्टांतून खांबांत उतरायचा. विल्डाच्या खांबांना पाणी नुसतं वळसा घालून जात होतं. आमचे खांब कण्हू लागले. मग एक कलला, त्याच्यामागे दुसरा. वर कपाट पडल्याचा आवाज आला आणि त्या कपबश्यांचा चुरा झाला. तेव्हा कुठे मला कॉरिनचं बोलणं समजलं. मी मनातून म्हणत होते, सुटू दे मला, सुटू दे. पण मला फार प्रेमाने आवळलं होतं. घर माझ्यामागे आडवं झालं आणि चिखलात बसलं.

रस्ता मोकळा झाल्यावर दोघं आली. विल्डाचं घर खांबांवर जसंच्या तसं उभं होतं, खाली मात्र आरपार रिकामं. त्याच्या शेजारी आमच्या घराचा ढीग, आणि ढिगापुढे मी, मोडलेल्या खांबांचे बुडखे दोन्ही हातांना धरून, सबंध. झेनोबी काठी टेकत टेकत चिखलातून माझ्यापर्यंत आली. तिने नट पाहिले. एकेक करून सगळे पाहिले.

"एल्फेज, काढले होतेस ना रे?"

तो मान खाली घालून उभा राहिला.

झेनोबीने माझ्या सांध्यावर हात ठेवला. "एक थेंब गळला नसेल बघ," ती म्हणाली. "चांगली बांधली होतीस." आणि वळून गाडीकडे गेली. तिने त्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला निदान रडता तरी आलं असतं.

त्यांची मुलगी दूर शहरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे ती दोघं गेली. पुन्हा जिना, आणि तिथे विंच कुठे लावणार? विल्डा एकदा भेटून आली. आल्यावर म्हणाली, झेनोबी खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघत असते. पुढच्या वर्षीचा कोळंबीचा हंगाम सुरू व्हायच्या आतच झेनोबी गेली. तिला इथे, गावच्या कबरस्तानात आणलं. आमच्याकडे पाण्याच्या भीतीने मेलेल्यालाही जमिनीत पुरत नाहीत, वर चौथरा बांधून त्यात ठेवतात. विल्डा तिथे उभ्या-उभ्या हुंदके देत म्हणाली, "अरे, शेवटी तिथेही तिला वरच ठेवलं. खाली यायचं होतं रे तिला."

त्यानंतर एल्फेज शहरात परत गेलाच नाही. विल्डाच्या भाच्याच्या होडीवर राहतो. कॉरिन विल्डाच्या घराखाली नव्या भिंती बसवायला आली, तेव्हा तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "खिळे मी मारू का?" त्याने विचारलं. तिने जरा थांबून हातोडी त्याच्या हातात दिली. त्याने तिने सांगितले तेवढे बारीक खिळे मारले आणि हातोडी परत दिली. कॉरिन त्याच्या पाठीवर थोपटून गेली.

मग तो करवत आणि पाना घेऊन माझ्याकडे आला. माझ्या फळ्यांचा बाक करायचा असं त्याच्या मनात होतं. खारं वारं लागून नट गंजून बसले असतील, म्हणून त्याने तेलाची बाटलीही आणली होती. त्याने पहिल्या नटाला पाना लावला, दातओठ खाऊन जोर केला, आणि नट सहज फिरला. बोटांनी सुटला. दुसराही तसाच, तिसराही. एल्फेज चिखलात खाली बसला. ते नट ओंजळीत धरून म्हातारा लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. "एवढंच होतं," म्हणत होता. "एवढंच काम होतं गं, झेनोबी."

म्हणून माझ्या अंगाला ही भोकं आहेत. बसताना बोट अडकेल, जरा जपून.

मित्रांनो, पाण्याच्या वाटेवर घर बांधायची वेळ आली, तर ते उंच बांधा आणि त्याच्याखालून पाण्याला जाऊ द्या. जे सुटण्यासाठी लावलं आहे, त्याला मायेने आवळू नका. आणि घर उंच चढवाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, की बाई गं, तू खाली कशी येणार? आमच्याकडे खांब किती उंच हवेत ते मोजलं, मला खिळे किती तेही ठरवलं, पण झेनोबीच्या गुडघ्यांची चौकशी कोणीच केली नाही. ती एकट्या एल्फेजने केली, आणि चूकही त्याच्याच हातून झाली.

माझं काम पडणं होतं. ते मला करू दिलं असतं, तर मी आज दलदलीत कुठेतरी कुजले असते, आणि झेनोबी त्या विंचच्या खुर्चीतून खाली येता येता विल्डाला लबाड म्हणत असती.