सत्काराची काठी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. जानकू. चाळीस वरसं ह्या मानसाचा संसार रेटलाय मी, नाव घ्यायचा तेवढा हक तरी असंल का न्हाई?

तर ह्या जानकूचा डावा कुल्ला दुखाया लागला. कुल्ल्यापासनं मांडीच्या बाहेरल्या अंगानं खाली गुडघ्याच्या वरपातूर. त्या कुशीवर निजता यायचं न्हाई. ओट्यावरनं उठताना "आई आई गं" करायचा. साठीचा बाप्या, मिशा ह्या एवढ्याल्या, आन् कण्हायचा बाळंतिणीवाणी. मी आधी लक्षच दिलं न्हाई. पायात बाभळीचा काटा मोडला तर आठ दिस गावभर लंगडत हिंडणारं ध्यान त्ये, त्याचं काय मनावर घ्यायचं?

आमी धनगर. सासऱ्याच्या टायमाला दोनशे मेंढरं व्हती, दिवाळी सरली की कोकणात उतरायची. आता वारूळवाडीच्या वरल्या अंगाला दीड एकर रान हाय आन् चाळीस मेंढरं हायेत. लेक गोरक्ष चाकणला कंपनीत. त्याला मेंढरांचा वास येतो. लहानपणी त्यांच्याच लोकरीत तोंड खुपसून निजायचा, तवा येत न्हवता.

दुखणं महिनाभर हटंना तवा गोरक्षनं बापाला नारायणगावात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. मी बी गेले. डॉक्टरनं इचारलं, "बाबा, कुठं दुखतंय?" आमच्या ध्यानाला शहरातल्या मानसापुढं कुल्ला म्हणायची लाज. मान खाली घालून म्हणला, "कंबर." झालं. डॉक्टरनं कंबर धरली ती सोडलीच न्हाई. मशिनीत घालून फोटो काढला. मणक्यात गॅप हाय म्हणला. आता साठ वरसाच्या मानसाच्या मणक्यात गॅप न्हाई निघणार तर काय पेढा निघणार? पण बापलेक असं तोंड करून बसले की जणू फाशीच झाली.

मंग डॉक्टरनं इचारलं, "रोज चालता किती?" तवा मातर जानकूची छाती फुगली. "पंधरा किलोमीटर, सायेब. मेंढरांमागं."

पंधरा! कुटं चालणार पंधरा? खाली बघावं तिकडं ऊस, द्राक्षं, टमाटी, शेततळी. मेंढरू बांधावर चढलं तर मालक कुत्रं सोडतो. कॅनॉलच्या कडंकडंनं जायचं, पडीक तुकड्यात मेंढरं सोडायची, आन् बिबट्या येतो का म्हणून उसाकडं बघत दिसभर उभं ऱ्हायचं. चालणं त्याच्या आज्यानं केलं, त्यो आता नुस्ता उभा असतो. पण फुशारकीला काय लागतं? डॉक्टर म्हणला, चालणं बंद, आराम करा, पट्टा बांधा. पठ्ठ्यानं पट्टा सदऱ्याच्या वरनं बांधला, चार मानसांनी बघावा म्हणून.

त्यानं काय व्हईना. मंग तळेघरच्या अंगाला एक जण तेल चोळून देतो म्हणून कोण बोललं. गेलो. त्यानं कंबर अशी रगडली की कातडं सोललं, कुल्ला व्हता तसाच. मंग जाऊबाई म्हणली, ओझरच्या गणपतीला नवस बोला. बोललो. देव बिचारा काय करणार? त्याच्या दारात रांगेत ह्यो मानूस त्याच दुखऱ्या पायावर भार टाकून तासभर उभा.

शेवटाला गोरक्षचा फोन आला. "आई, अण्णांचं हे मेंढरांपायीच झालंय. विकून टाकू. मी व्यापाऱ्याशी बोललोय, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पिकअप घेऊन येतोय. तुमी दोघं चाकणला या." जानकू फोनवर म्हणला, "बघ बाबा, तू म्हणशील तसं." मिशा कशाला ठेवल्या असत्याल ह्यानं?

चाकणला तिसरा मजला. मी एकदा चार दिस ऱ्हायले तिथं. खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसती. आमची चाळीस मेंढरं मी नावानं वळखते, कुणाची आई कोण, कोणाचं दूध आटलंय. ती गेली की मी काय सुनेच्या टीव्हीपुढं बसून मरायची वाट बघू?

रविवारला बारा दिस व्हते. इतके दिस पट्टा बांधून मेंढरांमागं जाणारं म्हातारं आता खरंच आराम कराया लागलं, मंग मेंढरं मीच न्यायला लागले. दाराशी त्याची काठी व्हती, ती घेतली. ह्या काठीचं सांगते. गेल्या साली तालुक्याच्या पुढाऱ्याचा वाढदिवस झाला, तवा सत्तावीस जणांचा सत्कार केला. आदर्श शिक्षक, आदर्श माता, आदर्श ह्ये, आदर्श त्ये. फोटोत एक फेटेवाला मेंढपाळ पायजेल व्हता, मंग आमचं ध्यान उचलून नेलं. शाल, नारळ आन् काठी. काळी, पालिश मारलेली, पितळी मुठीची, वर पुढाऱ्याचं नाव कोरलेलं. कमरंएवढी. असली काठी पेन्शनवाले घेऊन फिरायला जात्यात, मेंढरं वळायला न्हाई! पण ह्यानं डोक्याच्या वर जाणारी वेळूची काठी दिली आढ्याला खोचून, आन् ही पितळी मिरवाया लागला.

मी बी तीच घेऊन उभी ऱ्हायले. आखूड काठी, त्यामुळं डावा हात मुठीवर ठेवला की अंग आपसूक डावीकडं कलतं. सगळा भार डाव्या पायावर, कुल्ला बाहेर. पाचव्या दिशी माझा डावा कुल्ला धरला. आठव्या दिशी मांडी बाहेरल्या अंगानं ठणकाया लागली. त्या कुशीवर निजता येईना. रातीत उठून बसले आन् इचार केला, सरू, आता तुझ्या मणक्यात बी गॅप पडला व्हय? आन् त्यो बी नवऱ्याच्याच मापाचा?

सकाळी उठून सरकारी दवाखान्यात गेले. एक पोरगी डॉक्टर बसली व्हती. तिनं इचारलं, "आजी, कुठं दुखतंय?" मी म्हणले, "कुल्ला दुखतोय बाई, आन् हितनं मांडी." पोरगी हसली न्हाई, का लाजली न्हाई. मला कुशीवर निजवलं आन् कुल्ल्याच्या बाजूला जे हाड लागतं, तिथं बोट दाबलं. मी अशी बोंबलले की बाहेरली रांग गप झाली.

"दिवसभर काय करता?"

"उभी असते. मेंढरांपाशी."

"मला उभं राहून दाखवा. रोज राहता तसं."

मी काठी टेकून दाखवलं. तिनं एकदा बघितलं आन् म्हणली, "हे बघा आजी, असं एका अंगावर लोंबकळून तासन् तास उभं राहिलं की या हाडावरच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि सुजतात. मणक्याचा संबंध नाही. भार दोन्ही पायांवर ठेवा. त्या कुशीवर झोपू नका. मी व्यायाम दाखवते, तो रोज करा. दोन-तीन महिने लागतील."

"आन् चालायचं न्हाई का?"

"चाला की. बेतानं चाला, पण चाला."

चाला म्हणली! मला तर तिची अलाबला घ्यावीशी वाटली. मशिनीचं भाडं न्हाई, काय न्हाई, एक बोट लावलं आन् झालं. आमच्या येड्यानं आठ महिने ज्या शबुदाची लाज धरली, त्यो नीट बोलला असता तर चाळीस मेंढरं पणाला लागली नसती.

घरी येऊन मी त्याच्यापुढं काठी आपटली. "सत्कार कवा झाला तुमचा?"

"का?"

"आठ महिने झाले. आन् कुल्ला कवापासनं दुखतोय? आठ महिने. ही काठी आखूड हाय. हिच्यावर कलून तुमी उभं ऱ्हाता, त्यानं दुखतंय. मला बी तसंच झालं. डॉक्टरीण म्हणली. ही द्या टाकून, वेळूची घ्या, आन् गोरक्षला फोन करा की मेंढरं इकायची न्हाईत."

त्यानं काठी उचलली. शालीनं तिची मूठ पुसली. आन् म्हणतो काय, "मेंढरं जाऊ देत सरे. पण काठीला नाव ठेवायचं न्हाई."

माझं टाळकंच सटकलं. "लाज वाटती का? फोटोसाठी उभं केलं तुमाला! पुढाऱ्याला तुमचं नाव बी ठावं न्हाई! पितळंच्या तुकड्यापायी जितं धन इकताय, शेणाची अक्कल हाय का तुमाला?"

त्यो बोलला, काठीकडंच बघून. "माईकवर माझं नाव घेतलं व्हतं. आख्खं नाव, बापासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोसाठी का व्हईना. तू चाळीस वरसांत मला एकदा तरी बरं म्हणलीस का गं?"

मी चाळीस वरसं मनात चाळली. सांगायला एक बी दिस सापडंना. मला लाज वाटली. लई वाटली, आन् त्याचा बी मला रागच आला.

रविवारी व्यापारी आला, संगं गोरक्ष. व्यापारी मेंढरांच्या पाठी चाचपायला लागला. "म्हाताऱ्याला झेपत न्हाई म्हणून काढताय का?" असं हसत म्हणला. जानकू दारात उभा, पितळी मुठीवर कलून, कुल्ला बाहेर काढून. मी आत गेले, आढ्याची वेळूची काठी उपसली, आन् अंगणाच्या मधोमध जाऊन मोठ्यानं बोलले. वस्तीवरल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पावणं, ऐका. मागं एका साली अवकाळी आली, थंडीनं सगळ्यांची मेंढरं आकडून मेली. तवा ह्या मानसानं दुसऱ्याच्या रिकाम्या पोल्ट्रीचं कुलूप दगडानं फोडलं आन् मेंढरं आत घातली. मालकानं शिव्या दिल्या, त्या ह्यानं खाल्ल्या. चार लोकांत अब्रू घालवली म्हणून मी बी दिल्या, त्या बी खाल्ल्या. पण आमची दोनच मेली. कुलूप फोडायचं डोकं दुसऱ्या कुणाला सुचलं न्हाई, ह्यालाच सुचलं. जानकूसारखा मेंढक्या ह्या तालुक्यात मी तरी बघितला न्हाई. समजलं का?"

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. व्यापाऱ्यानं नाक शिंकरलं. गोरक्ष माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

जानकूनं ती पितळी काठी भितीला टेकवली. लंगडत आला, माझ्या हातातली वेळूची घेतली, दोन्ही हातांनी छातीपुढं धरली, दोन्ही पाय रोवले आन् सरळ उभा ऱ्हायला. "गोरक्ष," म्हणला, "पावण्याला च्या पाज आन् गाडी मोकळी लावून दे."

सांजच्याला पितळी काठी भितीवर टांगायला खिळा त्यानं ठोकला. मी शालीची घडी घातली. मंग ओट्यावर बसून, उजव्या अंगावर कलून, मिशीत हसत म्हणतो, "सरे, त्ये सकाळचं परत एकदा म्हण की."

"एकदा म्हणलं त्ये बास. आता परत चाळीस वरसांनी."

त्यानं बोटं मोजली. "तवर मी शंभरचा व्हईन की गं."

"व्हा," मी म्हणले. "सरळ उभं ऱ्हायलात तर व्हाल."