दोन लेकरांच्या मधलं दुपटं

मी एक जुनं दुपटं आहे. दोन हात लांब, दीड हात रुंद. रंग कोणता होता ते आता माझं मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात मी कुठं दिसलो असतो, तर तुम्ही मला फरशी पुसायचं फडकं समजून पायानं बाजूला सारलं असतं. मी रागावलो नसतो. अडतीस वर्षांच्या वयात असल्या गोष्टींची सवय होते.

माझा जन्म परभणीजवळच्या पूर्णेचा, रेल्वेच्या क्वार्टरमधला. भगवानराव रुळांवर गँगमन होते. त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला शिवायला घेतलं. वरून सासूबाईंचं मऊ लुगडं, खालून त्यांची स्वतःची पांढरी साडी आणि मध्ये भगवानरावांचा कामावरचा विरलेला सदरा. टाका असा बारीक की शेजारच्या कुसुमबाई मला उलटंसुलटं करून पाहत राहिल्या. "मालन, मशीनीवर मारलंस का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी मनातल्या मनात फार फुगलो.

पण माझ्या एका कोपऱ्यात एक गुपित होतं. मालनबाईंची आई ज्वारी काढायला लोकांच्या शेतात जायची. तिच्या विळ्याचं टोक मोडलं होतं, बोटाच्या पेराएवढं. ते दगडावर घासून बोथट करून तिनं लेकीच्या हातात दिलं आणि लेकराच्या उशाला लोखंड असावं असं बजावलं. भगवानरावांना हे मुळीच चालणारं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात गंडादोरा शिरला नव्हता. कुणीतरी बाळाच्या मनगटात बांधलेला काळा दोरा त्यांनी कात्रीनं कापून टाकला होता. "लेकराला नजर लागत न्हाई, बिमारी लागते. दवाखान्यात न्या, डोस पाजा," असं ते म्हणायचे. मालनबाई मान डोलवायच्या. डोस त्यांनी एकही चुकवला नाही. आणि एक दिवस नवरा ड्यूटीवर गेलेला पाहून ते टोकही सात घड्यांत गुंडाळून माझ्या कोपऱ्यात शिवून टाकलं. माया एवढ्या बाजूंनी विचार करते, हे मला तेव्हा कळलं.

माझ्यावर आधी सिद्धोधन वाढला, मग सहा वर्षांनी संघप्रिया. मी भिजलो, वाळलो, उन्हात तापलो. मुलं शाळेत जाऊ लागली तसा मी पत्र्याच्या पेटीत गेलो. लिंबाच्या पाल्यात पंचवीसेक वर्षं पडून होतो. इतकी वर्षं कुणी नाव घेत नाही, तेव्हा आपण संपलो असंच वाटतं.

मग संघप्रियाला मुलगी झाली. तिचं नाव संबोधी. मला पेटीतून काढून ऊन दाखवलं आणि तीन महिन्यांच्या त्या जिवाबरोबर मी रेल्वेनं बेंगळुरूला गेलो, तिथं संघप्रियाचा नवरा नागेश कारखान्यात कामाला आहे. आता आपले दिवस आले, असं मला वाटलं. पण तिथं शेजाऱ्यांनी एक गुबगुबीत ब्लँकेट भेट दिलं. त्यावर गुलाबी अस्वलं होती. झालं, संबोधी अस्वलांवर झोपू लागली आणि मी इस्त्रीच्या टेबलावर आलो. गरम इस्त्री पाठीवरून फिरायची तेव्हा पूर्णेची फार आठवण यायची. खोटं कशाला सांगू, त्या अस्वलांचा मला मनापासून राग होता.

एका मंगळवारी सकाळी सात वाजता सिद्धोधनचा फोन आला.

"बाबाला लकवा मारला, संघप्रिया. परभणीला आनलंय. डॉक्टर म्हनायलेत, ज्याला भेटायचं त्याला बोलवून घ्या."

संघप्रिया तशीच भिंतीला टेकून खाली बसली. तिला सातवा महिना पुरा झाला होता. संबोधी चौदा महिन्यांची. आणि नागेशचा पाय आठ दिवसांपूर्वी गाडीवरून पडून मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. रेल्वेनं गेलं तर एक अख्खा दिवस आणि वर काही तास. नागेशनं दुपारचं नांदेडचं विमान शोधलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून चिठ्ठी दिली, पण दहा वेळा सांगितलं, पळायचं नाही, वजन उचलायचं नाही.

"तू एकटी कशी जाशील?" नागेशनं विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"एकटी कुठं? तिघं हाव आमी," असं म्हणून तिनं पिशवी भरायला घेतली.

अस्वलांचं ब्लँकेट पिशवीत काही केल्या मावेना. म्हणून तिनं इस्त्रीच्या टेबलावरून मला ओढलं, घडी घातली आणि खांद्यावर टाकलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास असा सुरू झाला.

विमानतळावर एका काखेत पोरगी, एका खांद्यावर पिशवी, पुढं पोट. पहिल्या खिडकीवर चिठ्ठी दाखवून झाली. मग तपासणीची रांग. तिथं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायचं असतं. पोरीला खाली ठेवता येईना, वाकता येईना. मागचे लोक घड्याळं पाहत होते. तिनं एका हातानं मला ट्रेमध्ये टाकलं आणि मी त्या यंत्राच्या अंधाऱ्या पोटात शिरलो.

पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या माणसानं मान वर केली. खाकी वर्दीतल्या एका बाईनं मला उचललं आणि बरोबर तोच कोपरा दाबला.

"इसमें क्या सिलवाया है?"

"काही नाही, मॅडम. बच्ची का पुराना दुपटा है," संघप्रिया म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं पडद्यावर पाहिलं. माझ्या कोपऱ्यात एक वाकडं काळं काहीतरी दिसत होतं.

वर्दीतली बाई कठोरपणे म्हणाली की हे असं नेता येणार नाही. इथंच सोडून जा, नाहीतर उसवून दाखवा. तेवढ्यात नांदेडच्या विमानात बसण्याची घोषणा झाली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, सोड मला इथं, बाप वाट पाहतोय तुझा! पण संबोधीनं रडत रडत माझं दुसरं टोक मुठीत आवळून धरलं होतं आणि ती मूठ सुटायला तयार नव्हती.

संघप्रिया बाकावर बसली. कात्री कुठून आणणार? तिनं माझा कोपरा दातांत धरला. मालनबाईंच्या हातचा टाका तो, अडतीस वर्षांचा, सहजासहजी तुटणार नव्हता. एकेक धागा ती तोडत गेली, एकेक घडी उलगडत गेली. सातव्या घडीतून गंजलेलं विळ्याचं टोक तिच्या ओंजळीत पडलं.

ती ते पाहतच राहिली. आजीचा विळा तिनं लहानपणी पाहिला होता. जन्मभर बापाच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिला आठवलं असणार. "आई गं," एवढंच ती म्हणाली. तिला हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. मोडक्या हिंदीत तिनं त्या बाईला सांगितलं, माझ्या आईनं हे लपवून शिवलं होतं, वडिलांना ठाऊक नाही, आणि ते आता जातायत, मला तेवढं पोचू द्या.

बाईनं ते टोक जप्त केलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकलं. मग तिनं संबोधीला कडेवर घेतलं, पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवली आणि संघप्रियाला म्हणाली, "आप आराम से चलो, मैं आगे जाकर रोकती हूँ." ती लांबलचक वाट तिनं पळत पळत कापली. आम्ही दारात शेवटचे पोचलो.

विमानात वेगळीच पंचाईत. लेकराला मांडीवर घ्यायचं, पण संघप्रियाला मांडीच उरली नव्हती. संबोधी पोटावर बसे आणि पाय झाडी. तेव्हा संघप्रियानं माझी चौपदरी घडी केली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. बाहेरून थोरलीची लाथ, आतून धाकट्याची. दोन्ही मी सोसत होतो. अडतीस वर्षांत एवढं महत्त्वाचं काम माझ्याकडं कधी आलं नव्हतं.

विमान उतरायला लागलं तशी संबोधी किंचाळू लागली. नुसतं रडणं नव्हे, जीव तोडून किंचाळणं. पुढच्या रांगेतला एक माणूस वळून वळून डोळे वटारू लागला. आणि त्याच वेळी माझ्या खालचं पोट एकदम दगडासारखं कडक झालं. संघप्रियाच्या कपाळावर घाम आला. तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला आणि ती हळू आवाजात पोटातल्या बाळाला म्हणाली, "आता नको रे. आजच्या दिवस थांब." मी घाबरलो. माझा जीव टांगणीला लागला.

खिडकीजवळ धोतर-टोपीतले एक म्हातारे बसले होते. बेंगळुरूला लेकाकडं जाऊन परत निघालेले. त्यांचं नाव सटवाजी, गाव पिंगळी.

"बाई, लेकरू द्या इकडं," ते म्हणाले. "भिऊ नका, पाच नातवंडं खांद्यावर वाढवलीत. तिच्या कानाला दडे बसलेत. कायतरी गिळू द्या तिला."

संघप्रियानं पोरगी दिली. सटवाजींनी बिस्कीट पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावलं. हुंदके देत देत तिनं एक घास गिळला, दुसरा गिळला आणि ती त्यांच्या टोपीशी खेळू लागली.

"तुमी डोळे मिटून पडा. लांब श्वास घ्या," ते म्हणाले. "कुठं निघालाव असल्या दिवसात?"

"परभणीला. बाबा लय बिमार हायेत, काका. बोलताच येईना त्यान्ला."

विमानाची चाकं जमिनीला लागली तेव्हा पोट पुन्हा मऊ झालं होतं. त्यांचा पुतण्या गोपाळ जीप घेऊन बाहेर उभा होता. सटवाजींनी संघप्रियाला पुढं बसवलं आणि संबोधीला स्वतःकडंच ठेवलं. गोपाळ खड्डा दिसला की गाडी अगदी सावकाश घ्यायचा. पिंगळीचा फाटा आला, तरी जीप वळली नाही.

"काका, तुमचं गाव मागं राहिलं."

"गाव कुठं पळून जायलंय? आदी बापाला भेट, माय."

दवाखान्याच्या पायरीवर मालनबाई बसल्या होत्या. लेकीला पाहून त्या उठल्या, नातीला छातीशी धरलं आणि सवयीनं त्यांचा हात माझ्या कोपऱ्याकडं गेला. कोपरा उसवलेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काढावं लागलं, आई. विमानात नेऊ देईनात."

मालनबाईंनी दवाखान्याच्या दाराकडं पाहिलं, मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुज्या बाबाला सांगू नको बरं."

त्या दिवसभरात संघप्रिया पहिल्यांदा हसली. आणि हसता हसता आईच्या गळ्यात पडून रडली.

लहान लेकराला आत नेता येत नाही, असं दारातल्या सिस्टरनं सांगितलं. मग तिनं संघप्रियाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार धरून उभी राहिली. "दोन मिनिटं फक्त," म्हणाली.

भगवानरावांचं उजवं अंग लुळं पडलं होतं. वाचा गेली होती, पण डोळे उघडे होते. ते दाराकडंच लागलेले होते. संबोधी त्यांना पाहून बुजली आणि तिनं माझ्यात तोंड लपवलं.

"बाबा, मी आले. ही बघा तुमची संबोधी, किती मोठी झाली."

त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. मला त्या हाताची ओळख होती. रुळांवरच्या लोखंडानं घट्टे पडलेला तो हात संबोधीच्या डोक्यावर टेकला आणि तिनं हळूच एक डोळा बाहेर काढला. मग संघप्रियानं तो हात आपल्या हातात घेतला आणि पोटावर ठेवला.

"आन् हे दुसरं, बाबा. हे पन भेटायला आलंय तुमाला."

बराच वेळ काहीच झालं नाही. भगवानरावांनी हात काढला नाही. मग आतल्या बाळानं कूस बदलली. त्यांच्या तोंडाची डावी कड तेवढी हलली आणि डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. सिस्टर दाराशीच उभी होती. तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानराव गेले. पूर्णेला पांढऱ्या कपड्यांत माणसं जमली, वंदना झाली. पुढचे कित्येक दिवस लोक भेटायला येत राहिले. मालनबाई दर माणसाला एकच गोष्ट सांगत. "शेवटाला दोनी नातवंडं पाहून गेले," म्हणत. येणारे गोंधळून दुसरं लेकरू शोधायचे. अंगणात तर एकच मुलगी खेळत असायची. मग त्यांची नजर कोपऱ्यात टेकून बसलेल्या संघप्रियाच्या पोटावर जायची.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तूंचा तो रिवाजच आहे. पण माझं काय, मी विरेन, फाटेन, एक दिवस चुलीपाशी जाईन. माझी विनवणी वेगळी आहे. कधी रेल्वेत, एसटीत नाहीतर विमानात अशी एकटी बाई तुम्हाला दिसेल. कडेवर एक, पोटात एक, आणि कडेवरचं रडत असेल. तेव्हा डोळे वटारू नका. उठा, तिची पिशवी घ्या, लेकरू घ्या. तिला कुठं पोचायचंय, आणि तिथं दाराकडं डोळे लावून कोण पडलंय, हे तुम्हाला ठाऊक नसतं.