बावन्न सेकंदांत सगळे बाहेर

माझ्या घराला आग लागली ना, तरी कुणाचा केसही होरपळणार नाही. लिहून देतो. कारखान्यांत, हॉस्पिटलांत जाऊन आगीतून बाहेर कसं पडायचं ते शिकवणं हाच माझा धंदा. मग घरच्यांना सोडतो होय! लिफ्ट नाही, धावपळ नाही, औषधं आणि कागदपत्रं सोडून सामान नाही. खाली पत्रपेट्यांपाशी जमायचं आणि डोकी मोजायची.

परवा संध्याकाळी नेलकटर जागेवर नव्हतं. मी फक्त विचारलं. आता माझा आवाज मुळातच खणखणीत. विचारता विचारता ड्रॉवर उपसला, तो पायावर पडला, म्हणून ड्रॉवरला दोन शब्द सुनावले, मग तो बनवणाऱ्या सुताराला, मग ओघानंच बायकोच्या माहेराला. माहेर अर्ध्यावर आलं असताना वळून बघतो तर ऐकायला कोणीच नाही.

गॅस बंद. खिडक्या बंद. दार ओढून घेतलेलं.

धावत खाली गेलो. पत्रपेट्यांपाशी तिघी ओळीत उभ्या. सासूबाईंकडे औषधांचा डबा, बायकोच्या काखेत फाईल, लेकीच्या हातात घड्याळ.

"बावन्न सेकंद," लेक म्हणाली.

माझी छाती फुगली. "शाब्बास! आग कुठंय?"

सासूबाईंनी हळूच माझ्याकडे बोट केलं.

"या महिन्यातली सहावी वेळ, बाबा. आधी दीड मिनिट लागायचं. आता आजीचा हात बसलाय."

"अगं, मी साधं नेलकटर—"

"तुमच्याच खिशात आहे, अहो," बायको म्हणाली.

होतं.

"पण मी पाच मिनिटांत विझतो की नाही? मनात काही ठेवतो का?"

"विझता हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "चटके आमच्या अंगावर राहतात."

बायकोनं फाईल सावरली. "पुढच्या वेळी आम्ही परत वर येणार नाही. इथूनच दादाकडे."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बरं, मग तूच लाव ना फोन एखाद्या समुपदेशकाला," मी म्हणालो. "तुला गोड बोलता येतं."

"बाबा, तुमच्या क्लासमधला पहिला नियम काय?" लेकीनं विचारलं.

तोंडपाठच आहे, निघून गेलं. "ज्याला आग दिसली त्यानंच फोन लावायचा. दुसरा लावेल म्हणून थांबायचं नाही."

"दिसली का मग?" सासूबाई म्हणाल्या.

तिथंच उभ्या उभ्या लावला.

"त्रास कुणाला होतोय?" पलीकडून विचारलं.

"मला," मी म्हणालो. तिघी बघत होत्या. "नाही. घरच्यांना. माझा."

गुरुवारी एकटाच गेलो. समुपदेशक बाई अगदी शांत. पाऊण तास बोललो, एकदाही आवाज चढला नाही. घरी सांगायला म्हणून घड्याळ लावून ठेवलं होतं. निघताना दाराशेजारी टांगलेला आग विझवायचा सिलिंडर दिसला. त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली. मी फक्त विचारलं.

समुपदेशक बाई, त्यांची रिसेप्शनवाली आणि बाहेर बसलेले दोन पेशंट सुखरूप खाली पोहोचले. एक मिनिट दहा सेकंद लागले.